राजमुद्रा, कुलचिन्ह आणि इंप्रेसा

प्रबोधनकाळात लाकडी फलकावर रंगवलेल्या युरोपीय व्यक्तिचित्रांच्या पाठीमागे पुष्कळदा ढालीच्या आकाराचे ‘कोट ऑफ आर्म्स’ आढळते. त्याला मराठीत राजमुद्रा म्हणावे का, असा प्रश्न आहे.

म्हणू नये, असे माझे मत आहे. मुद्रा ही उमटवण्याची वस्तू. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेत तर चित्र नसून संस्कृत श्लोक आहे. शिवाय ढालीवरचे चिन्ह राजांपुरते मर्यादित नव्हते, सरदार आणि धनिक व्यापारी घराणीही ते वापरत. ते वंशपरंपरेने चालत येते, म्हणून ‘कुलचिन्ह’ हाच शब्द नेमका वाटतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, रोखिर व्हान डर वेडन याने 1460 च्या सुमारास रंगवलेले फ्रान्चेस्को द’एस्ते याचे चित्र पाहावे. चित्राच्या मागच्या बाजूला इटलीतील फेरारावर राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याचे कुलचिन्ह आहे. त्यावरून घराणे कळले, पण माणूस कळला नाही. चित्रातील व्यक्ती फ्रान्चेस्कोचा पिता लिओनेल्लो असावा, असे बराच काळ मानले जात होते. वास्तविक चित्राच्या मागे ‘फ्रान्सिस्क’ हे नाव लिहिलेले आहे. घोटाळ्याला आणखी वाव असा, की तेथेच डोळ्यांवर पट्टी बांधलेला लिंक्स (एक रानमांजर) आहे आणि ते लिओनेल्लोचे वैयक्तिक चिन्ह होते.

अशा वैयक्तिक चिन्हाला इटालियनमध्ये ‘इंप्रेसा’ म्हणतात. माणूस ते स्वतः निवडतो आणि त्याला बहुधा ब्रीदवाक्याची जोड असते. लिओनार्दोने 1474 ते 1478 च्या दरम्यान रंगवलेल्या जिनेव्रा दे’ बेंची हिच्या चित्रामागे लॉरेल (एक सदाहरित झाड) आणि ताड यांच्या फांद्यांमध्ये जुनिपरची (एक सूचिपर्णी झुडूप) डहाळी आहे. जुनिपरला इटालियनमध्ये ‘जिनेप्रो’ म्हणतात, म्हणजे हा तिच्या नावावरचा श्लेष. लॉरेल-ताडाची जोडी मात्र व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेंबो याची; ‘सौंदर्य सद्गुणाला शोभा आणते’ या अर्थाच्या लॅटिन ब्रीदवाक्याखाली अवरक्त किरणांच्या तपासणीत त्याचेच ब्रीदवाक्य सापडले. याला कुलचिन्ह म्हटले, तर बेंबोचा जिनेव्राशी असलेला स्नेह दृष्टीआड होऊन उगाच बेंची घराणे पुढे येते. ‘बोधचिन्ह’ संस्थांच्या वापरात इतके रुळले आहे, की येथे ते खटकते. त्यामुळे मी ‘व्यक्तिचिन्ह’ लिहीन, आणि अभ्यासू वाचकांसाठी सरळ ‘इंप्रेसा’च ठेवीन.