पेट्रोल एवढं महाग असूनही लोक इलेक्ट्रिक गाडी का घेत नाहीत?

मी परभणीचा. राज्यात पेट्रोल सर्वांत महाग कुठे, असं कुणी विचारलं की हमखास निघतं ते आमच्या गावाचं नाव. टँकर येतो मनमाडजवळच्या डेपोतून, तीनशेहून जास्त किलोमीटर तोडत. ते भाडं आमच्याच खिशातून जातं. तुम्ही म्हणता शंभरी ओलांडून इतकी वर्षं झाली, लोक नुसती कुरकुर करतात, बॅटरीवरची गाडी का घेत नाहीत? त्या हिशेबाने आमच्याकडे एव्हाना घरोघरी चार्जर दिसायला हवे होते.

सकाळी आठला कुठल्याही पंपावर जाऊन उभे राहा. टाकी फुल करणारा एखादाच. बाकी सगळे ‘शंभरचं टाक’, ‘दीडशेचं टाक’. ज्याची हजेरी संध्याकाळी हातात पडते त्याला पेट्रोल असं सुटं घेता येतं. बॅटरी सुटी मिळत नाही. लाख-सव्वालाखाची गाडी घ्यायची म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांचं पेट्रोल आजच भरून ठेवल्यासारखं आहे. उलट जुनी मोटारसायकल पंचवीस हजारांत मिळते, बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री दोनशे रुपयांत चालू करून देतो. पंपावर सुटं पेट्रोल घेणारा तो माणूस अडाणी नाही, त्याचा हिशेब चोख आहे.

आता माझंच सांगतो. बायकोच्या शाळेसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं २०२३च्या मे महिन्यात ठरलं होतं. घरात लग्न होतं, म्हटलं ते आटपू दे. १ जूनपासून केंद्राने इलेक्ट्रिक दुचाकीचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आणलं, त्यात कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. पंधरा दिवसांच्या उशिराने विसेक हजार जास्त मोजले. बायको अजून ऐकवते.

गाडी मात्र चांगली. महिन्याला पाचशे किलोमीटर होतात, वीस-बावीस युनिट लागतात. एक गंमत कुणी आधी सांगितली नव्हती. आमचं बिल उन्हाळा सोडला तर शंभर युनिटच्या आत बसायचं. स्कूटर आली आणि बिल वरच्या टप्प्यात गेलं, जिथे दर पार चढा आहे. तरीसुद्धा अडीचशे रुपयांत काम होतं, पेट्रोलला अकराशे लागले असते. म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची ती दुरुस्तीला. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लाल दिवा लागला आणि गाडी जागची हलेना. परभणीतला डीलर म्हणाला, कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा भाग, गेला, नांदेडला न्या. छोटा हत्ती केला, स्कूटर दोरखंडाने बांधली, अठराशे रुपये भाडं. तिथे पार्ट नव्हता. तेवीस दिवस गाडी तिथे आणि बायको रिक्षाने शाळेत. आमचा नेहमीचा मिस्त्री येऊन बघून गेला होता. सीट उचलली, वायरींचा गुंता पाहिला आणि सीट परत खाली ठेवली. ‘साहेब, यात माझं काहीच नाही,’ म्हणाला. गल्लीतल्या चार जणांनी हे सगळं पाहिलं. त्यांतला एकजण गाडी बुक करणार होता, त्याने पेट्रोलचीच घेतली.

आणि ज्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, मीटर जिन्याखाली सामायिक, गाडी रस्त्यावर, त्यांनी वायर कुठून सोडायची? अशा बिऱ्हाडात भाडेकरूने चार्जिंगचं नाव काढलं की घरमालक लाइटबिलाचा विषय काढतो.

कुरकुरीचं म्हणाल, तर ती रास्तच आहे. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव शून्याखाली गेला होता. मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क लिटरमागे १० रुपयांनी वाढलं, डिझेलवरचं १३ रुपयांनी. महाग झालं की जगाचा बाजार, स्वस्त झालं की सरकारचा गल्ला. जीएसटी येऊन जमाना झाला तरी पेट्रोल त्यात नाही, कारण केंद्र आणि राज्य दोघांनाही ते सोडवत नाही. मध्येच २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे अॅव्हरेज थोडं पडणारच. पंपावरचा भाव तेवढा उतरला का? माझ्या जुन्या गाडीला तरी काही फायदा दिसला नाही.

माझी फिरती जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशी आहे, दिवसाला शंभराच्या वर. त्यासाठी अजून मोटारसायकलच, आणि सोमवारी सकाळी मीही पंपावर ‘दोनशेचं टाक’ म्हणत उभा असतो. तुमचं रोजचं जाणं-येणं तीस-चाळीस किलोमीटरचं असेल, मीटर स्वतःचं असेल, तर बिनधास्त घ्या. फक्त शोरूममध्ये शिरण्याआधी त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या मागच्या अंगाला एक चक्कर मारा आणि धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या मोजून या.