वाचकांचे प्रश्न : चैत्रात पक्षी पाहायला कुठे जावे?

प्रश्न : पाडव्याच्या सुमारास एक दिवस मोकळा काढून मुलांना पक्षी दाखवावेत, असा विचार आहे. ओळखीचे लोक म्हणतात की थंडी सरली की उजनी धरणावरचे पाहुणे पक्षी निघून जातात. आता जायचेच तर कोकणात समुद्रकाठी जावे. हे खरे आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अर्धे खरे आहे. पट्टकादंब हंस मार्चच्या आसपास हिमालयापलीकडे परतू लागतात आणि थापट्या, तरवारी वगैरे बदकेही उत्तरेची वाट धरतात; ती पाहायची असतील तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावे लागेल. रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) मात्र हाच काळ मानवतो आणि त्याचे कारण पाण्याच्या पातळीत आहे. समुद्रकाठचा चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाला मात्र ओहोटी लागते ती वर्षातून एकदाच. सिंचनासाठी पाणी सुटत गेले की काठ मागे सरकू लागतो आणि चैत्रापर्यंत गुडघाभर पाण्याचे व गाळाचे रुंद पट्टे तयार होतात. रोहित आपली वाकडी चोच त्या पाण्यात उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक चाळणीत अडकलेले शेवाळ व सूक्ष्म जीव गिळतो. खोल पाण्यात हे अवघड जाते. म्हणून निघण्यापूर्वी तारखेपेक्षा धरणातले पाणी किती उतरले आहे याची चौकशी करावी.

सोलापूरहून उजनी जलाशयाच्या काठचे भिगवण सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. उजाडता उजाडता कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर पोहोचावे, कारण ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून नुसते गुलाबी ठिपके हलताना दिसतात. मच्छीमारांच्या होड्या मिळतात. परंतु छायाचित्रासाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नये, आणि त्याने आपणहून तयारी दाखवली तरी नको म्हणावे. पक्षी चरणे थांबवून माना ताठ करतात आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात, तेव्हा होडी फार जवळ आली आहे असे समजावे. थव्यात करड्या-तपकिरी रंगाचे पक्षी दिसले तर ती वेगळी जात नव्हे. गेल्या एक-दोन वर्षांतली ती पिल्ले असतात आणि त्यांचा गुलाबी रंग खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो.

एवढ्या लांब जाणे जमत नसेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव आहेच. तिथल्या उघड्या काठावर टिटवीकडे लक्ष ठेवावे. ती जमिनीवरच, खड्यांमध्ये अंडी घालते आणि आपल्याकडच्या उन्हात ती तापू नयेत म्हणून मध्येच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने पुन्हा अंड्यांवर येऊन बसते. दुर्बिणीतून हे लांबूनही स्वच्छ दिसते आणि मला विचाराल तर मुलांना दूरच्या गुलाबी रेघेपेक्षा हेच अधिक आवडेल. अंडी खड्यांसारखीच ठिपकेदार असल्यामुळे सहसा नजरेस पडत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर पुढे पाऊल न टाकता आल्या वाटेनेच मागे फिरावे.

प्रश्न : वेळासची कासवे एका दिवसात पाहून येता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. वेळास रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. बार्शीहून नुसत्या प्रवासातच दिवस जाईल. ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांतून साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. सकाळी व संध्याकाळी संरक्षित घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहिले जाते. एखाद्या वेळी एकही पिल्लू निघत नाही. त्यामुळे दोन रात्रींचा मुक्काम धरूनच जावे.