वाचकांचे प्रश्न : श्रद्धेने माणूस किती बदलतो?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. दारू सुटली, ती पुन्हा जवळ केली नाही. राग मात्र गेलेला नाही. शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी झालेले भांडण अजून मिटलेले नाही आणि त्याचा विषय निघाला की माझ्या तोंडून नको ते शब्द जातात. साक्षीच्या सभेत, म्हणजे श्रद्धेचे अनुभव सांगण्याच्या सभेत, मात्र लोक आपण एका रात्रीत पालटलो असे सांगतात. मग माझा विश्वास खोटा समजावा काय?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. साक्ष देणारा मनुष्य आपल्या आयुष्यातील दहा-पंधरा वर्षे दहा मिनिटांत सांगत असतो. त्यामुळे मधले अडखळणे गळून जाते आणि ऐकणाऱ्याला सर्व काही एका रात्रीत घडल्यासारखे वाटते. (साक्ष जितकी रंगतदार, तितकी ती जपून ऐकावी, असे माझे मत आहे.)

ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश दिसला आणि तो येशूचा अनुयायी झाला, हे आपण सारे जाणतो. पण तोच पौल पुढे योहान मार्क याला सोबत न्यावे की नाही, यावरून आपला सहकारी बर्णबा याच्याशी इतका भांडला की दोघे वेगळे झाले, हेही बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात लपवून ठेवलेले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तो मार्कला घेऊन येण्यास सांगतो, कारण सेवेसाठी तो आपल्याला उपयोगी आहे. या दोन्ही प्रसंगांच्या मध्ये बरीच वर्षे गेली होती.

याहून बोचरे उदाहरण इंग्लंडचे खलाशी जॉन न्यूटन यांचे आहे. १७४८ च्या मार्चमध्ये समुद्रावरील वादळात मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी देवाचा धावा केला, आणि पुढे आयुष्यभर तो दिवस त्यांनी स्मरणात ठेवला. तरीही त्यानंतर ते गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरच राहिले, त्यांपैकी काहींचे कप्तानही झाले आणि १७५४ मध्ये तो धंदा त्यांनी सोडला तो प्रकृती बिघडल्यामुळे, सदसद्विवेकाच्या टोचणीमुळे नव्हे. १७६४ मध्ये ते पाळक झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध, स्वतःच्या सहभागाची लाज न लपवता, त्यांनी उघडपणे लिहिले ते १७८८ मध्ये, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनी. आणि ब्रिटिश साम्राज्यातील हा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये संमत झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले. त्या चाळीस वर्षांची किंमत इतरांनी मोजली, हे विसरता येत नाही. म्हणून बदल सावकाश होतो, ही गोष्ट आपण सबब म्हणून वापरू नये.

आपल्या पत्रात मला आशादायक वाटते ती गोष्ट अशी, की भावाविषयी तोंडून गेलेले शब्द आता आपल्याला खुपतात. दारू सुटली तेव्हा एक सवय गेली. आता प्रश्न दुसऱ्या माणसाशी असलेल्या संबंधाचा आहे आणि तो केवळ प्रार्थनेने सुटेल असे मला वाटत नाही. बायबलमधील जकातदार जक्कय याने प्रभू येशूला घरी घेतले, तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे त्याने तेथेच बोलून दाखवले. सरकारी मोजणी करून घ्यावी, बांध आपल्याकडून सरकला असेल तर जमीन सोडावी, आणि सरकला नसला तरी वापरलेल्या शब्दांबद्दल भावाकडे स्वतः जाऊन क्षमा मागावी. भाऊ लगेच विरघळेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

प्रश्न : माझी पत्नी हा विश्वास स्वीकारायला तयार नाही. मी तिला कसे पटवावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पटवू नये. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले आणि त्या पुढे काही वर्षे मुलासह पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे-ओवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतः केला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, तोही स्वतःच्या निर्णयाने. पुढे त्यांनी अनाथ मुलांना घरात आसरा दिला आणि प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. हे सारे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये, पतीच्या तापट आणि लहरी स्वभावाच्या खुसखुशीत वर्णनासह, वाचायला मिळते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासी पत्नींना सांगितले आहे, की पतीला शब्दांवाचून, केवळ वागणुकीने जिंकता येते. तो सल्ला पतींनीही पाळायला हरकत नाही. घरातील सण, देवघर, माहेरचे कुलाचार यांवरून पत्नीला टोचून बोलू नये, तिची समजूत घालण्यासाठी मंडळीतील कोणालाही घरी धाडू नये, आणि तिने आपण होऊन काही विचारलेच तर तेवढ्यापुरते उत्तर द्यावे.