चुन्याच्या सांध्यांतले खवले

प्रश्न : बाई, आमच्या जुन्या वाड्याची भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली आहे. तिच्या सांध्यांवर तपकिरी खवले धरलेत, त्यांवर बारीक काळे ठिपके दिसतात. गवंडी म्हणतो बुरशी आहे, तारेच्या ब्रशनं घासू. काढावेत का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ब्रश तूर्त बाजूला ठेवायला सांगा. एका खवल्यावर पाण्याचा थेंब सोडा. तपकिरी रंग बघता बघता हिरवट झाला, तर ती नुसती बुरशी नव्हे, शैवाक आहे. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच लांबचं भावंड.

तुमच्या वर्णनावरून ही एंडोकार्पॉन प्रजाती वाटते. दोन-चार मिलिमीटरचे खवले, एकमेकांना खेटून. चुनखडीची माती आणि चुन्याचा गिलावा तिला मानवतो, म्हणूनच दगड सोडून सांधे धरलेत. साताऱ्यात आमच्या परसातल्या चुन्याच्या कट्ट्यावर असेच खवले मी कित्येक पावसाळे पाहतेय. उन्हाळ्यात कोरडे ठक्क, पहिल्या वळवाला टवटवीत.

ते काळे ठिपके भिंगातून जरूर पाहा. आत पुरलेल्या इवल्या सुरईची ती तोंडं. एरवी शैवाकातल्या बुरशीचा बीजाणू एकटाच उडतो आणि जिथं पडेल तिथं त्याला शैवाल शोधावं लागतं. एंडोकार्पॉनच्या सुरईतच शैवालाच्या बारीक पेशी असतात; बीजाणू बाहेर पडताना त्या त्याला चिकटून जातात. सोबतीण घेऊनच घर सोडायचं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तशीच उठून कट्ट्यापाशी गेले होते. याच सोयीमुळे 1877 साली एर्न्स्ट श्टाल या जर्मन शास्त्रज्ञानं ही जोडी प्रयोगात वाढवून नवं शैवाक घडवलं. शैवाक म्हणजे दोन जीव, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं.

आता भिंतीचं. शैवाकाचे तंतू चुन्यात थोडे शिरतात, हे खरं. पण तारेचा ब्रश त्याहून जास्त चुना एका दुपारी उडवतो. खरी काळजी पिंपळाच्या रोपांची करा. ती बोटभर असतानाच मुळासकट उपटा. जे सांधे खिळखिळे झालेत तेवढेच चुन्यानं भरा, सिमेंटनं नको. ओल आत कोंडते. बाकीचे खवले राहू द्या.