‘अमेरिकन बँडस्टँड’ हा अमेरिकन टीव्हीवरचा तरुणांच्या नाच-गाण्याचा कार्यक्रम इतकी वर्षं कसा टिकला? तो खरंच सगळ्या तरुणांचा होता का?

टिकला तो नाचणाऱ्या मुलांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. 1952 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्थानिक वाहिनीवर तो ‘बँडस्टँड’ नावाने सुरू झाला. 1956 मध्ये डिक क्लार्क सूत्रसंचालक झाला आणि 5 ऑगस्ट 1957 पासून एबीसी या राष्ट्रीय वाहिनीने तो देशभर दाखवायला घेतला. वेळ शाळा सुटल्यानंतरची. मार्केट स्ट्रीटवरच्या स्टुडिओबाहेर मुलामुलींची रांग लागायची. आत रेकॉर्ड वाजायची आणि मुलं नाचायची. पाहुणे गायकसुद्धा बहुतेक वेळा रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायचे. पण रोज येणारी काही मुलं इतकी ओळखीची झाली की त्यांना गावोगावच्या प्रेक्षकांची पत्रं यायची. कोणाची कोणाशी जोडी जमली, कोणी कसा पोशाख केला, हे प्रेक्षक मालिकेसारखं मनापासून बघायचे. नव्या रेकॉर्डला 35 ते 98 च्या दरम्यान गुणही मुलंच द्यायची. आपल्याच वयाचं कोणीतरी पसंती-नापसंती सांगतंय, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, निदान फिलाडेल्फियाच्या वर्षांत तरी. वाजणाऱ्या संगीताचा पाया कृष्णवर्णीय कलाकारांचा. ‘द ट्विस्ट’ हे गाणं मुळात हँक बॅलर्डचं. 1960 मध्ये चबी चेकरने ते पुन्हा गायलं आणि सगळा देश कंबर हलवायला लागला. हे दोघंही कृष्णवर्णीय. पण स्टुडिओ असलेल्या वेस्ट फिलाडेल्फियातल्याच कृष्णवर्णीय मुलांना दारातून परत पाठवलं जाई. पाटी कुठे लावलेली नव्हती. प्रवेशपत्रं आधी पत्राने मागवायची, कपड्यांचे नियम पाळायचे, असं सगळं वरवर साधं. खरी चाळणी अर्ज निवडताना लागायची. ती चुकवायला काही कृष्णवर्णीय मुलांनी तर आयरिश, इटालियन आडनावं लावून अर्ज पाठवले. इतिहासकार मॅथ्यू डेलमाँट यांनी हे सगळं बारकाईने नोंदवलंय. आपण 1957 मध्येच कार्यक्रम सर्वांना खुला केला, असं क्लार्क पुढे सांगत राहिला. डेलमाँट यांना सापडलेले पुरावे त्याच्या उलट आहेत, आणि मला तेच पटतात.

1964 मध्ये कार्यक्रम लॉस एंजेलिसला हलला आणि 1989 पर्यंत चालला. दरम्यान 1970 मध्ये शिकागोत डॉन कॉर्नेलियसने ‘सोल ट्रेन’ हा असाच नाचाचा टीव्ही कार्यक्रम सुरू केला. त्याचे जुने भागही जरूर बघा: तिथे कृष्णवर्णीय मुलं आपल्याच गाण्यांवर नाचतात, आणि काय नाचतात!