सुर्झिक म्हणजे 'बिघडलेली रशियन' नव्हे!

मला एकाने विचारलंय की रशियाच्या दक्षिणेतल्या कुबान भागातले कॉसॅक (घोडेस्वार लढवय्यांचा समाज) जी 'बालाच्का' बोली बोलतात तिला 'सुर्झिक', म्हणजे युक्रेनियन आणि रशियनची मिसळ, म्हणायचं का. माझ्या मते नाही. आणि "दोन्ही म्हणजे बिघडलेली रशियन" हे जे सारखं ऐकू येतं ते तर साफ चूक आहे, कारण पाया युक्रेनियनचा आहे. 1775 ला रशियाची सम्राज्ञी कॅथरीनने झापोरोझियन सिच, म्हणजे युक्रेनमधल्या कॉसॅकांचं मुख्य ठाणं, मोडली, पुढे 1792 मध्ये तिथल्याच कॉसॅकांना कुबानची जमीन दिली, ते आपली बोली घेऊन तिकडे गेले आणि रशियनचा थर तिच्यावर नंतर चढला.

आता 'सुर्झिक' शब्द बघा, काय सुंदर आहे! मूळ अर्थ गहू आणि राय एकत्र मिसळलेलं धान्य किंवा त्याचं पीठ. (राय म्हणजे गव्हासारखं एक धान्य, मोहरीवाली राई नव्हे, भाषांतरात हा घोळ सर्रास असतो, फार चीड येते.) 'र्झ' म्हणजे राय, आणि 'सु' म्हणजे सोबत. इथे सुपुत्रातला 'सु' लावू नका, हा 'सु' जुन्या स्लाव्हिकमध्ये (युक्रेनियन-रशियनच्या पूर्वज भाषेत) अनुनासिक होता आणि तो आपल्या 'सम्' चा सख्खा भाऊ आहे. युक्रेनियनमध्ये शेजाऱ्याला 'सुसीद' म्हणतात, त्यात हाच 'सु' आणि पुढे बसणे या अर्थाचा धातू, म्हणजे सम् + सद्, म्हणजे आपली 'संसद'! दिल्लीतली संसद आणि कुबानमधला शेजारी एकाच मुशीतले, मला तर याचा आनंद अजून ओसरत नाही.

भाषा बदलते कशी? आधी शब्द शिरतात. 'मला समजतं' याला युक्रेनियनमध्ये 'रोझुमीयु', सुर्झिकवाला रशियन शब्द घेऊन 'पोनिमायु' म्हणतो, पण खुद्द रशियन माणूस तोच शब्द 'पनिमायु' असा उच्चारतो, कारण रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' चा 'अ' होतो आणि युक्रेनियन तोंडात तो 'ओ'च राहतो. शब्द परका, उच्चार घरचा. याला बिघडणं म्हणणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत. कुबानमध्ये दाब वरूनही आला, 1932 च्या डिसेंबरात सोव्हिएत सत्ताधारी स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीने हुकूम निघाला आणि तिथल्या युक्रेनियन शाळा रशियनमध्ये गेल्या, त्याआधी 1926 च्या जनगणनेत कुबानमधल्या निम्म्याहून जास्त लोकांनी स्वतःला युक्रेनियन नोंदवलं होतं.

आणि जे पंडित प्रत्येक रशियनसारख्या दिसणाऱ्या रूपाला रशियनचा परिणाम ठरवून मोकळे होतात त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही. 'करणे' ला प्रमाण युक्रेनियनमध्ये 'रोबिती', बालाच्कात 'रोबित', लगेच म्हणतात बघा रशियन शेपूट आलं. अहो, युक्रेनच्या पूर्वेकडच्या बोलींमध्ये हे आखूड रूप मुळातच आहे, कॉसॅक कुबानला निघाले तेव्हाच ते सोबत घेऊन निघाले असणार!