आईला आणि मावशीला कर्करोग झाला होता, आता मला स्तनात लक्षणं जाणवतायत. किती दिवस वाट पाहावी?

वाट पाहू नका. पाळी होऊन जाऊ दे, मग बघू, असंही नको. आणि गेल्या वर्षीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, स्वच्छ होती म्हणून तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ३६. आईला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, त्या आज बऱ्या आहेत. मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आणि गेले दोन आठवडे उजव्या स्तनाग्रातून, न दाबता, एकाच छिद्रातून पाण्यासारखा स्राव येतोय, बाजूला काहीतरी जाडसर हाताला लागतंय. मिस्टर म्हणतात, "मनात भीती धरून बसलीस." हे सगळं वाचून मी एवढंच म्हणेन की याच आठवड्यात स्तनाच्या सर्जनला दाखवा. वर्षापूर्वीचा रिपोर्ट तुमच्या आजच्या लक्षणाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय तुमच्या वयात स्तनाचं ऊतक बहुतेक वेळा दाट असतं. मॅमोग्राफीत दाट ऊतक पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे गाठ त्यात लपून जाऊ शकते. म्हणून सोनोग्राफी हवीच. लक्षण घेऊन गेलात की तपासणीही वेगळी होते, तक्रारीच्या जागेवर रोखून केलेली. तेव्हा "रूटीन चेकअप करायचंय" असं सांगू नका. "हे नवीन आहे, इथे आहे, इतके दिवस आहे" असं सांगा.

मी इतकं ठासून लिहितेय कारण माझे अडीच महिने फुकट गेले.

माझ्या बाबतीत हाताला काही लागतच नव्हतं. ३९ वर्षांची होते. केस बांधायला दोन्ही हात वर केले आणि आरशात डाव्या स्तनाच्या खालच्या अंगाला खळी पडलेली दिसली. हात खाली घेतले, खळी गेली. परत वर केले, परत पडली. आतून कुणीतरी दोरा घालून कातडी ओढून धरावी तशी. दुखत अजिबात नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "आईला, बहिणीला, मावशीला कुणाला होता?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता. मॅमोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की ऊतक दाट आहे, संशयास्पद काही नाही. "काळजीचं कारण नाही, सहा महिन्यांनी या." मी निश्चिंत होऊन घरी आले. त्या निश्चिंतीचा मला आजही संताप येतो. एक तर अशी खळी दिसल्यावर घराण्याचा इतिहास असो वा नसो, सोनोग्राफी झालीच पाहिजे. आणि दुसरं म्हणजे मला अर्धंच घराणं विचारलं गेलं. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मला दोन आत्या होत्या. थोरल्या आत्याचं "ऑपरेशन" झालं होतं. आमच्या घरी फक्त तेवढाच शब्द होता, कशाचं ते कधीच नाही. धाकटी आत्या "पोटात पाणी होऊन" गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. तिचे हात काड्यांसारखे झालेले आणि पोट मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखं, एवढं मला लख्ख आठवतं. पाणी कशाने झालं, हे कुणी बोललं नाही.

अडीच महिन्यांनी हात खाली असतानाही खळी दिसायला लागली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी नीट हाताने तपासलं, मग सोनोग्राफी, आणि सोनोग्राफीत १४ मिलिमीटरची गाठ दिसली. कोअर बायोप्सी केली. जागा बधिर करतात, मग सुईचं यंत्र स्टेपलरसारखं खट्कन वाजतं. आवाजानेच दचकायला होतं, दुखत फारसं नाही. सुईने नुसतं पाणी किंवा पेशी ओढून काढण्यापेक्षा ही बायोप्सी बरी, कारण तिच्यात ऊतकाचा अख्खा तुकडा मिळतो आणि गाठ कुठल्या जातीची आहे तेही कळतं. हाताने तपासणं, मॅमोग्राफी-सोनोग्राफीसारखी चित्रं आणि बायोप्सी, या तिन्हींचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर पुढे शोधायचं, घरी पाठवायचं नाही.

कर्करोग निघाला. काखेतल्या गाठींपर्यंत गेला नव्हता. उपचारांबद्दल इथे लिहीत नाही, ते माणसागणिक वेगळे असतात.

त्यानंतर जनुकीय समुपदेशन करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. बायकांसाठी वर्तुळ, पुरुषांसाठी चौकोन. ज्यांना कर्करोग झाला ते काळे करायचे. आईकडची बाजू सगळी कोरी राहिली. वडिलांकडे थोरल्या आत्याचं वर्तुळ काळं झालं. धाकटीपाशी मी अडले. बाबा शेजारीच बसले होते. खूप वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अंडाशयाचा होता. तिनेच सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नका." बाईंनी तेही वर्तुळ काळं केलं. दोन काळ्या वर्तुळांशेजारी बाबांचा कोरा चौकोन, आणि त्याच्याखाली मी, काळी. तो कागद बघताना माझ्या अंगावर काटा आला. बाबांना काहीही झालेलं नव्हतं, तरी ते त्यांच्यातूनच माझ्यापर्यंत आलं होतं. माझ्या रक्तात बीआरसीए २ या जनुकातला दोष सापडला, पुढे बाबांच्याही. या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

हा जनुक १३व्या गुणसूत्रावर असतो आणि बीआरसीए १ हा १७व्यावर. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली दाखवून दिलं की घराण्यात चालत येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धागा १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये बीआरसीए १ आणि १९९५ मध्ये बीआरसीए २ नेमके हाती लागले. दोन्ही गुणसूत्रं बाईला असतात तशी पुरुषालाही असतात. बाप असो की आई, प्रत्येक मुलाकडे आणि प्रत्येक मुलीकडे दोष जाण्याची शक्यता निम्मी. ज्या बाईत हा दोष असतो तिला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात ६०च्या वर जाते. तुमच्याकडे स्तन आणि अंडाशय दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणून समुपदेशकाकडे तुम्हालाही जायला हवं. पण ते नंतर. आधी हे लक्षण काय आहे ते बघा, जनुकाच्या रिपोर्टसाठी बायोप्सी अडवून ठेवू नका.

आता तुम्ही विचारलंय, नक्की कळेपर्यंत माहेरी सांगू नये का. इथे मला स्वस्थ बसवत नाही.

माझा रिपोर्ट आल्यावर मी दादाला म्हटलं, तूही तपासून घे. तो म्हणाला, "हा बायकांचा रोग, मला काय करायचंय? जुनं उकरू नकोस." त्याला दोन मुली आहेत. मी मुलींचं नाव काढलं तर म्हणाला, "त्यांच्या डोक्यावर आत्तापासून टांगती तलवार कशाला? आणि कळून करायचं काय?"

पुष्कळ करायचं. दोष आहे हे कळलं तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करता येतो आणि गाठ लहान असतानाच सापडू शकते. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा विचार करता येतो. अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून हे महत्त्वाचं. खुद्द दादाला प्रोस्टेटवर लक्ष ठेवता येईल, कारण बीआरसीए २मुळे तोही धोका वाढतो, आणि पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. आणि त्याच्यात दोष नसेलच, तर आमच्या घराण्यातला हा दोष त्याच्याकडून मुलींकडे जाणारच नाही. तलवार त्याने न तपासून टांगलेली ठेवलीय. त्या दिवशी मला हे सुचलं नाही, मी नुसती रडले. तीन वर्षं झाली, आमच्यात हा विषय निघत नाही.

म्हणून म्हणते, आईंना आजच सांगा. ज्याला रोग झाला त्याची जनुकीय तपासणी आधी केली तर घराण्यातला नेमका दोष सापडतो. फक्त तुमचीच केली आणि काही सापडलं नाही, तर त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. आईंचे बायोप्सीचे जुने कागद आणि मावशीचे असतील तेही शोधायला लावा. वडिलांकडचंही विचारा. आणि मिस्टरांना सोबत न्या, बाहेर बसवू नका.

एक मी आधीच लिहायला हवं होतं. तुम्हाला कर्करोगच आहे असं मी म्हणत नाही. एकाच छिद्रातून येणाऱ्या स्रावामागे पुष्कळदा नळीतली साधी गाठ निघते, पॅपिलोमा म्हणतात तिला. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठीही साध्याच असतात. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत घराण्यातून येणारे शंभरात जेमतेम ५ ते १०. पण साधी आहे हे तपासून ठरतं, घरच्यांच्या म्हणण्यावरून नाही. स्राव येतोय का हे बघायला सारखं दाबू नका, आणि त्यात रक्त दिसलं तर उद्याच जा. मी डॉक्टर नाही, माझ्यावर गुदरलं तेवढं मला माहीत आहे.

तो वर्तुळं-चौकोनांचा कागद मी जपून ठेवलाय. दादाचा चौकोन आणि त्याखालची दोन वर्तुळं, तिन्हींत अजून पेन्सिलीने काढलेली प्रश्नचिन्हं आहेत. थोरली पुतणी आता २३ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "आत्या, तो कागद मला पाठवशील?" मी पाठवला.